'मलहॉलंड ड्राइव्ह' : स्वप्न नेमके कुठे संपते?

नौपाडाकर (ठाणे)

आम्ही काही चित्रपटवेडी मंडळी महिन्यातून एकदा कोणा एकाच्या घरी जमून चित्रपट पाहतो. या वेळी डेव्हिड लिंच यांचा २००१ सालचा 'मलहॉलंड ड्राइव्ह' पाहिला आणि त्यावरचा वाद तलावपाळीवर फिरायला गेल्यावरही मिटला नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

बहुतेकांनी आधीच वाचून ठेवलेले प्रचलित स्पष्टीकरण असे की, पहिले जवळपास दोन तास हे डायेन नावाच्या अपयशी अभिनेत्रीचे स्वप्न असून त्यात ती स्वतःला बेटी नावाची गुणी आणि नशीबवान मुलगी म्हणून पाहते. उरलेला भाग म्हणजे वास्तव, ज्यात तिने कॅमिला या आपल्या प्रेयसीच्या खुनाची सुपारी दिलेली आहे. हे मला पटते, पण पुरत नाही. ज्या भागाला आपण वास्तव म्हणतो, त्याच भागाच्या शेवटी बोटभर उंचीचे म्हातारा-म्हातारी दाराखालच्या फटीतून सरपटत आत येतात, त्याचे काय करायचे? शिवाय, हे सारे स्वप्नच होते असे एकदा ठरले, की बेटी आणि रीटा (गाडीच्या अपघातातून वाचून बेटीकडे आसरा घेणारी, म्हणजे कॅमिलाचेच स्वप्नातले रूप) यांच्यातील जिव्हाळ्याला काही अर्थ उरतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

पामबीच (वाशी)

स्वप्न सुरू कुठे होते हे लिंच यांनी लपवलेले नाही. सुरुवातीची नृत्याची दृश्ये संपताच कॅमेरा जड श्वासांच्या आवाजात लाल चादरीवरून उशीकडे जातो. म्हणजे कोणीतरी झोपी जात आहे. ते संपते तेही उघडपणे, कारण काउबॉयच्या वेषातला एक माणूस दारात येऊन तिला उठायला सांगतो. खरी गुंतागुंत त्यानंतर सुरू होते.

जागेपणीच्या भागात शेजारीण डायेनकडून आपले सामान परत न्यायला येते आणि त्यात पियानोच्या आकाराचा एक ॲशट्रे असतो. ती तो उचलून नेते. थोड्याच वेळाने डायेन कॉफी घेऊन सोफ्याकडे जाते, तर सोफ्यावर कॅमिला आहे, डायेनच्या अंगातला गाऊन नाहीसा झाला आहे आणि तो ॲशट्रे पुन्हा टीपॉयवर आहे. याचा अर्थ हे दृश्य आधी घडून गेलेले आहे. दिग्दर्शक ते कोणत्याही खुणेविना वर्तमानाला जोडून देतो, कारण डायेनच्या मनात ते तसेच जोडलेले आहे. म्हणून शेवटच्या भागाला मी वास्तव म्हणणार नाही. अपराधाने पोखरलेल्या मनाची ती आठवण आहे आणि ती आठवणच अखेरीस भ्रमात घसरते. म्हातारा-म्हातारी त्या घसरणीतून येतात.

आपल्याकडे 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' म्हणतात, पण इथे मनी वसलेले जसेच्या तसे दिसत नाही. विंकीज या उपाहारगृहात डायेन सुपारी देते, तेव्हा वाढणाऱ्या मुलीच्या छातीवर 'बेटी' अशी नावाची पट्टी आहे. स्वप्नात त्याच ठिकाणच्या मुलीच्या पट्टीवर 'डायेन' आहे. कॅमिला डायेनला ज्या मेजवानीला बोलावते तिथे भेटलेली, ॲडम या चित्रपट-दिग्दर्शकाची आई स्वप्नात इमारतीची व्यवस्थापक होते आणि सुपारीचे पैसे रीटाच्या पर्समध्ये निघतात.

ऐरोलीकर

वरचे विवेचन उत्तम आहे, तरी एक साधी गोष्ट नजरेआड होऊ नये. १९९९ साली हे काम अमेरिकेतील एबीसी वाहिनीसाठी मालिकेचा पहिला भाग म्हणून चित्रित झाले होते. वाहिनीने ते नाकारले. पुढे फ्रेंच पैसा मिळाल्यावर जादा चित्रीकरण करून त्याचा चित्रपट झाला, आणि त्याच चित्रपटासाठी लिंच यांना कान महोत्सवात जोएल कोएन यांच्याबरोबर विभागून दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. सुरुवातीला अपघाताच्या जागी आलेले पोलीस पुन्हा कधीच का दिसत नाहीत, याचे कारण डायेनच्या मनात शोधण्याआधी मालिकेच्या त्या अर्धवट राहिलेल्या आराखड्यात शोधावे. प्रत्येक सुटा धागा अबोध मनाच्या खात्यावर टाकण्याची आपली सवय मला थोडी संशयास्पद वाटते.

नौपाडाकर (ठाणे)

दोघांचेही आभार. ॲशट्रेकडे आमच्यापैकी एकाचेही लक्ष गेले नव्हते. ऐरोलीकर, मालिकेचा मुद्दा मान्य; पण मग हा चित्रपट म्हणजे ठिगळ लावलेला माल ठरतो, आणि पाहताना तसे मुळीच वाटत नाही. माझा दुसरा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

कोलशेतची

ठिगळ खरेच आहे, पण ते कुठे लावायचे हे लिंच यांना अचूक कळले. मालिकेत पुढे उलगडतील म्हणून सोडलेल्या गाठी चित्रपटात स्वप्नाच्या गाठी झाल्या, आणि स्वप्नात पोलीस येऊन नाहीसे होणे कोणालाच खटकत नाही.

आता जिव्हाळ्याविषयी. सिलेन्सिओ या नाट्यगृहातला निवेदक आधीच बजावतो की इथे वाद्यवृंद नाही, सारे ध्वनिमुद्रित आहे. तरी रिबेका डेल रिओ स्पॅनिश गाणे गाऊ लागतात तेव्हा बेटी आणि रीटा रडतात. गायिका कोसळते आणि स्वर चालूच राहतो. पाश्चात्त्य प्रेक्षकाला इथे धक्का बसत असेल. आपण मात्र पार्श्वगायनावर वाढलेले लोक आहोत. पडद्यावरची नायिका गात नाही हे ठाऊक असूनही पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसत आलो आहोत. आवाज तिचा नव्हता म्हणून आपले रडणे खोटे होते, असे आपण कधी म्हटले नाही. मग बेटीची माया स्वप्नातली आहे म्हणून ती खोटी कशी?

उलट, ती स्वप्नात आहे म्हणूनच जास्त बोचते. सुरुवातीला गाडी मध्येच थांबते तेव्हा रीटा चालकाला म्हणते की हे काय करताय, आपण इथे थांबत नाही. शेवटच्या भागात तेच वाक्य, त्याच रस्त्यावर, डायेनच्या तोंडी आहे. मेजवानीला नेणाऱ्या त्या गाडीत ती स्वतः बसलेली होती आणि पुढे काही वेळातच तिथे चारचौघांत तिचा पाणउतारा होणार होता. स्वप्नात तिने आपल्या जागेवर कॅमिलाला बसवले, तिच्यावर पिस्तूल रोखायला लावले आणि लगेच अपघात घडवून तिला वाचवलेही. मारायला निघालेली आणि वाचवायला धावलेली बाई एकच आहे, हे पाहिले तर बेटीने रीटाला दिलेला आसरा हा या चित्रपटातला सर्वांत खरा भाग वाटतो.

पुन्हा पाहाल तेव्हा लाल झाकणाच्या दिव्याजवळच्या टेलिफोनकडे लक्ष ठेवा. लिंच यांनी डीव्हीडीसोबत ज्या दहा खुणा दिल्या होत्या, त्यांत या दिव्याचा उल्लेख आहे. पहिल्या भागात तो फोन वाजत राहतो आणि कोणीही उचलत नाही. शेवटच्या भागात डायेन तो उचलते, आणि पलीकडून कॅमिला सांगते की गाडी वाट पाहत आहे.