पहिल्यांदा मुंबईत येणाऱ्या परदेशी पाहुण्याला कुलाब्यात उतरवू नका

माहीमची खाडी (धागालेखक)

परदेशी पाहुण्याला मुंबईत कुठे उतरवायचं, असं विचारलं की आपल्याकडे सगळे एका सुरात कुलाबा सांगतात. ऑफिसचा पाहुणा असो, मुलीची लंडनची मैत्रीण असो, नाहीतर होणाऱ्या सुनेचे आईवडील असोत. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला जुना झाला आणि तो पाहुण्याच्या हिताचाही नाही. वांद्रे पश्चिम सांगा, खार सांगा, नाहीतर सरळ दादर-माटुंगा सांगा.

कुलाबा कॉजवेवर गोरा चेहरा दिसला की माणसं मागे लागतात. गेटवेपाशी मनगटाला धागा बांधून पैसे मागणारे, मोठाले फुगे विकणारे, आणि ती दुधाच्या पावडरची जुनी क्लृप्ती. कडेवर मूल घेतलेली बाई म्हणते, पैसे नकोत, बाळासाठी पावडर घेऊन द्या. ठरलेल्या दुकानात नेते, चढ्या भावाने डबा घ्यायला लावते, आणि पाहुण्याची पाठ वळली की डबा परत दुकानात. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी त्याला बोलायला येणाऱ्या प्रत्येक माणसाचा संशय येऊ लागतो आणि पुढचे दिवस तो कोणाशी मोकळेपणाने बोलत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने आपणहून मदत करावी, ही या शहराची फार मोठी गोष्ट आहे आणि नेमकी तीच त्याच्या वाट्याला येत नाही.

दुसरी गोष्ट रिक्षाची. माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही. वांद्र्यात पाहुणा रिक्षात बसतो, मीटर पडतो, पहिल्या दीड किलोमीटरचे 26 रुपये, विषय संपला. घासाघीस करावी लागत नाही आणि भाषाही लागत नाही. गेटवेसमोर मात्र टॅक्सीवाला आधी भाव सांगतो.

आणि रात्र. मुंबईतली तरुण मंडळी रात्री जातात ती खार, वांद्रे, अंधेरी, लोअर परळला. कुलाब्यात उतरलेला पाहुणा कॉजवेवरच्या लिओपोल्ड आणि मोंडेगर कॅफेंमध्ये दुसऱ्या पाहुण्यांकडे बघत बसतो. लिओपोल्ड 1871 पासूनचं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण तिथे मुंबईकर किती भेटणार?

कॉजवे

पूर्ण असहमत. मी इथेच राहते. कुलाबा हा देखावा नाही, इथे शाळा आहेत, ससून डॉक आहे, कोळीवाडा आहे, पहाटे मासळीचा लिलाव असतो. धागालेखकांनी कॉजवेच्या एका पट्ट्यावरून अख्खा कुलाबा मोडीत काढलाय.

पाहुण्याला पहिल्या दोन दिवसांत जे बघायचं असतं ते सगळं इथून पायी आहे. गेटवे, वस्तुसंग्रहालय, काळा घोडा, ओव्हल मैदान, फ्लोरा फाउंटन, सीएसएमटी. ओव्हलच्या एका बाजूला गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, 2018 पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. वांद्र्यात उतरलेला माणूस हे बघायला सकाळी नऊ-दहाला निघणार, म्हणजे अख्खी मुंबई दक्षिणेकडे निघालेली असते तेव्हाच. संध्याकाळी सगळे उत्तरेला परततात तेव्हा हाही परतणार. पाच दिवसांच्या मुक्कामातला केवढा वेळ गाडीच्या काचेमागे गेला?

फोर्टमध्ये कमानींखालून चालता येतं. वांद्र्यात फुटपाथ आहे कुठे? एस. व्ही. रोडवर पाहुण्याला चालवून दाखवा.

शिवाय एक व्यावहारिक गोष्ट तुम्ही विसरलात, फॉर्म सी (2025 पासून कागदोपत्री फॉर्म III, पण सगळे अजून फॉर्म सीच म्हणतात). परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची माहिती एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, ऑनलाइन भरावी लागते. अगदी घरी उतरवलात तरी. दादर-माटुंग्याची बरीच लॉजेस या भानगडीत पडत नाहीत, पासपोर्ट बघितला की 'रूम नाही' सांगतात. कुलाब्यातल्या साध्यातल्या साध्या गेस्ट हाउसलाही हे रोजचं काम आहे. रात्री दोन वाजता बॅगा घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसासाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

फास्ट लोकल

कॉजवेताईंशी सहमत. फॉर्म सीचा मुद्दा बिनतोड.

मीटर डाउन

वडिलांची काळी-पिवळी होती, म्हणून टॅक्सीबद्दल लिहितो. टॅक्सीचं किमान भाडं 31 रुपये, मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जादा. एवढं पाहुण्याला तोंडपाठ करायला लावलं की निम्मा वाद मिटतो. मीटर टाकायला नकार देणं आणि भाडं नाकारणं दोन्ही कायद्याने गुन्हा आहे. पण रात्री टॅक्सीवाला ठोक रक्कम का मागतो तेही समजून घ्या. कुलाब्याच्या टोकाला किंवा नेव्हीनगरच्या बाजूला सोडलं की तिथून परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही, गाडी चर्चगेटपर्यंत रिकामी आणावी लागते. मी त्याचं समर्थन करत नाही. मात्र सगळ्यांना एका ओळीत चोर म्हणू नका. विसरलेली बॅग हॉटेलवर नेऊन देणारेही त्यांच्यातलेच असतात.

आणि ज्या पाहुण्याकडे भारतीय सिम नाही त्याच्यासाठी अ‍ॅपची गाडी म्हणजे डोकेदुखी. ओटीपी कुठे येणार, ड्रायव्हर फोन कुठे करणार? विमानतळावर बाहेर पडण्याआधी प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पैसे भरून पावती घ्या, बस. पावती मात्र उतरेपर्यंत हातात ठेवा.

लेडीज डबा

हा वाद पुरुषांच्या नजरेने चाललाय असं जाणवतंय. कुलाबा की वांद्रे यापेक्षा माझा प्रश्न वेगळा आहे. रात्री साडेअकराला एकटी बाई त्या रस्त्याने चालू शकते का?

2022 च्या नोव्हेंबरअखेरीस खारमध्ये रस्त्यावरून लाइव्ह चित्रण करणाऱ्या कोरियन मुलीला दोघांनी भररस्त्यात त्रास दिला होता, हे सगळ्यांनी पाहिलं. दोघांना अटक झाली. म्हणजे 'वांद्रे-खार सुरक्षित' असं सरसकट म्हणता येत नाही. तरीही मी कार्टर रोडला कौल देईन. तिथे त्या वेळी कुत्रा फिरवणाऱ्या बायका असतात, आजोबा असतात, कॉलेजची मुलं कट्ट्यावर बसलेली असतात, आइस्क्रीमची दुकानं उघडी असतात. बाईला सुरक्षित वाटतं ते दुसऱ्या बायका रस्त्यावर दिसल्यावर. याउलट फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट ऑफिसं सुटली की ओस पडतात. दिवसा ज्या कमानींचं कौतुक चाललंय, त्यांच्याखालून रात्री मी माझ्या पाहुणीला एकटी पाठवणार नाही. कॉजवे आणि मरीन ड्राइव्ह गजबजलेले असतात, पण मधला तुकडा रिकामा असतो.

परदेशी मैत्रिणींना मी ठरवून सांगते: लोकलने लेडीज डब्यातूनच जा, रात्री त्यात पोलीस असतो. साडेबारा-एकनंतर गाड्या बंद. 103 (महिलांसाठी पोलीस हेल्पलाइन) आणि 112 (आपत्कालीन मदत) फोनमध्ये ठेवा. आणि रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघा. हसू नका. जर्मनी, फ्रान्स, अमेरिका, सगळीकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात. तिथल्या माणसाची मान सवयीने आधी डावीकडे वळते आणि आपली बस उजवीकडून येते. त्यात उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल वेगळीच. रीगल सर्कलला एका पाहुणीला मी अक्षरशः दंडाला धरून मागे खेचलंय. मुंबईच्या रात्रीपेक्षा मला मुंबईचा रस्ता ओलांडण्याची भीती जास्त वाटते.

चॅपल रोड

धागालेखक, आमच्या गल्लीत पाहुणे पाठवण्याआधी आम्हाला विचारलंत का?

वांद्र्यातलं आमचं रानवार हे गाव आहे. आमच्या आजीच्या आजीपासूनची लाकडी जिन्याची घरं आहेत. भिंतींवर चित्रं काढायला आम्ही परवानगी दिली, ते कौतुकाने. आता सकाळपासून माणसं आमच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढतात, खिडकीतून आत कॅमेरा वळवतात. शेजारची दोन घरं रोजच्या भाड्याने पाहुण्यांना जातात, त्यामुळे महिन्याच्या भाड्याचा दर कुठल्या कुठे गेला. माझ्या पुतण्याला लग्नानंतर गावात खोली परवडेना, तो मीरा रोडला गेला. बार दीडला बंद होतात आणि पावणेदोनला सगळा घोळका आमच्या खिडकीखाली गाड्यांची वाट बघत उभा.

पाहुण्यांवर माझा राग नाही. त्यांना हे कोणी सांगतच नाही. पण 'खरी मुंबई दाखवतो' म्हणून लोकांची घरं दाखवायची असतील तर माझा सक्त विरोध आहे. कुलाबा निदान पाहुण्यांसाठी बांधलेला तरी आहे. ताज 1903 चं आहे, तिथल्या लोकांना सव्वाशे वर्षांची सवय आहे.

माहीमची खाडी

चॅपल रोड, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. रहिवाशांच्या घरांतल्या रोजभाड्याच्या खोल्या मलाही नको आहेत. मी बोलतोय ते हॉटेलांबद्दल, आणि वांद्रे-खारमध्ये फॉर्म सी भरणारी हॉटेलं हवी तेवढी आहेत.

कॉजवेताई, वाहतुकीबद्दल तुमचं बरोबर होतं, पण आता परिस्थिती बदलली. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. दादरला मुक्कामाला असलेला माणूस तिच्या गारव्यात बसून फोर्टमधल्या हुतात्मा चौकात उतरतो, वरचा ट्रॅफिक त्याला दिसतसुद्धा नाही. अख्ख्या मार्गाचं तिकीट 70 रुपये. म्हणूनच मी दादरचं नाव घेतलं होतं, त्याकडे कोणी लक्षच दिलं नाही.

कॉजवे

तीच मेट्रो रात्री साडेदहाला बंद होते! मग रात्रीच्या जीवनासाठी तिचा उपयोग काय? आणि युरोपातून, आखातातून येणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात, तेव्हाही ती नाहीच. उलट रात्री रस्ते मोकळे असतात, सी लिंक आणि कोस्टल रोडने खारहून कुलाब्याला यायला वेळ लागत नाही. कोस्टल रोड 2025 च्या ऑगस्टपासून रात्रभर उघडा असतो. म्हणजे दिवसा चालत फिरा, रात्री खारला जा, परत या. गणित कुलाब्याच्याच बाजूने सुटतं.

अर्धा कप

रात्रीच्या जीवनाबद्दल एवढं बोलताय तर नियमही सांगा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय 21 आणि कडक दारूला 25. युरोपातला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा घरी सर्रास पितो, इथे बारच्या दारात त्याचा पासपोर्ट बघून व्हिस्की नाकारतात आणि त्याला तो अपमान वाटतो. आधी सांगितलं तर वाटणार नाही. ड्राय डेही सांगून ठेवा. 2 ऑक्टोबरला मुंबईत उतरून बार शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. 2020 साली रात्रभर दुकानं-हॉटेलं उघडी ठेवायची परवानगी मिळाली ती खाण्यापिण्याला आणि मॉलना, दारूला नाही.

सलाम

हा सगळा धागा एकाच प्रकारच्या पाहुण्याबद्दल चाललाय.

मी उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी रुग्णांचं काम बघते. ओमान, येमेन, केनिया, टांझानिया. ही माणसं महिना-महिना राहतात. त्यांना पबशी घेणंदेणं नाही, हॉस्पिटलजवळ चूल पेटवता येईल अशी खोली हवी असते. पावसाळ्यात आखातातली कुटुंबं केवळ पाऊस बघायला येतात, संध्याकाळी मुलंबाळं घेऊन गेटवेपाशी भिजत उभी असतात, आणि कुलाब्याच्या दुकानदारांना त्यांच्याशी चार शब्द अरबी बोलता येतं. तिथे त्यांना परकं वाटत नाही, म्हणून मी कुलाब्याच्या बाजूने.

पण आफ्रिकेतल्या पाहुण्याचं काय? त्याला कुठली वस्ती सांगू? आईच्या केमोथेरपीसाठी आलेल्या, चांगल्या नोकरीतल्या केनियाच्या मुलाला उपनगरातल्या एका सोसायटीने फ्लॅट ठरलेला असताना चावी दिली नाही. कारण विचारलं तर सेक्रेटरी नुसतं म्हणाले, 'मेंबर तयार नाहीत.' रात्री रिक्षा थांबते, चेहरा बघते आणि निघून जाते. तुमच्या 26 रुपयांच्या मीटरचा त्याला काय उपयोग? 'मुंबई सुरक्षित आहे, माणसं मदत करतात' हे मी गोऱ्या पाहुण्याला छाती ठोकून सांगते. आफ्रिकेतल्या पाहुण्याला सांगताना माझा आवाज बसतो. वस्ती कोणती चांगली यावर भांडताना हेही मोजा.

लेडीज डबा

सलामताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. रिक्षाने भाडं नाकारलं तर नंबर टिपून वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते. केनियाच्या त्या मुलाला आणि त्याच्या आईला तक्रार लिहायला मदत लागली तर मी येईन. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गिरगाव नाका

रात्र म्हणजे बारच का? रॉयल ऑपेरा हाउस 2016 ला पुन्हा उघडलं, जुहूला पृथ्वी आहे, शिवाजी मंदिरात नाटक आहे. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला पहाटेपर्यंत जाग असते. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायला तर पैसेही पडत नाहीत. आणि गणपतीत आला असेल तर त्याला कुठेही उतरवा, झोप मिळणारच नाही, फक्त अनंत चतुर्दशीला गाडीने कुठे न्यायचा बेत करू नका.

शिवाजी पार्क

नेमका सल्ला हवाय. भावाची होणारी बायको स्पेनची आहे. तिचे आईवडील साठीचे, पहिल्यांदा येताहेत, डिसेंबरात सहा रात्री. लग्न दादर पश्चिमेला. विमान रात्री दीडला. कुठे ठेवू?

कॉजवे

पहिल्या तीन रात्री कुलाबा. त्यांना जे बघायचंय ते पायी बघू दे. मग लग्नासाठी दादरकडे आणा.

माहीमची खाडी

या वयात सहा रात्रींत दोनदा बॅगा बांधायला लावू नका. दादर-प्रभादेवीला सहाही रात्री ठेवा, घरचं माणूस दहा मिनिटांत पोहोचतं. फॉर्म सी भरतात का, हे हॉटेलला आजच फोन करून विचारा. रस्त्याच्या बाजूची खोली घेऊ नका, हॉर्नचा त्यांना आपल्यापेक्षा जास्त त्रास होतो. विमानतळावर तुम्ही स्वतः जा. कुलाबा मेट्रोने एका सकाळी होईल. आणि लग्नाच्या संध्याकाळी त्यांची गाडी कॅडेल रोडने आणा, रानडे रोडच्या नादी लागू नका.