गुडघे जपायचे म्हणजे धावणं सोडायचं का?

पायवाट : चाळिशीनंतर धावणं, उड्या, वजन घेऊन बैठका बंद कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजली की पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार पायावर येतो. चालणं, पोहणं, सायकल हाताशी असताना हा धोका कशाला पत्करायचा? म्हातारपणी जिने चढायचे असतील तर सांधे आतापासूनच राखून वापरायला हवेत.

निरभ्र : साफ असहमत. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. भार पडला की ती दाबली जाते, भार उतरला की सांध्यातलं वंगण आत ओढून घेते, आणि तिचं पोषण होतं ते असंच. राखून ठेवलेला सांधा उपाशी राहतो! अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये निघालेले आकडे बघा : गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंत ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के.

पायवाट : त्याच अभ्यासात स्पर्धेत धावणारे १३.३ टक्के आहेत, ते का गाळलंत? शिवाय ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणं आधीच सोडतात. मागे उरतात ते धडधाकटच.

निरभ्र : म्हणूनच मी कुणाला मॅरेथॉन पळा म्हणत नाहीये. पण बैठका सोडा हा सल्ला घातक आहे. गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचा, आणि वयानुसार ते घटतातच. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. नुसत्या चालण्याने ते भागत नाही.

मधला रस्ता : तुम्ही दोघं व्यायामाच्या प्रकारावर भांडताय, पण गुडघे बिघडतात ते घाईमुळे. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांना, महिने लागतात. दम आहे म्हणून अंतर एकदम वाढवलं की दुखणं आलंच. सुरुवात खुर्चीपासून करा. हात छातीशी घ्या, उठा, मग तीन आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर उपयोग नाही. गुडघे आत वळत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल तर मात्रा कमी करा. गुडघा सुजला किंवा अडकू लागला तर मात्र आधी डॉक्टर.

पायवाट : खुर्चीचं पटलं. धावण्याबद्दल माझं मत तेच. कधीच न धावलेल्या माणसाने पन्नाशीत सुरू करावं, असं म्हणाल?

निरभ्र : गुडघा दुखत नसेल तर हो, म्हणेन. एक मिनिट हळू धावायचं, दोन मिनिटं चालायचं, आणि मध्ये एक दिवस सुट्टी.