आर्चबिशप हर्ली आणि वर्णभेद: १९५७ ते १९७६ या काळाविषयी प्रश्न

प्रश्न (खानापूर):
आमच्या वाचनालयाच्या मासिक बैठकीत डर्बनचे कॅथलिक आर्चबिशप डेनिस हर्ली यांच्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. १९५७ साली दक्षिण आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदेने वर्णभेद हा मुळातच दुष्ट असल्याचे जाहीर केले, तेव्हा परिषदेचे अध्यक्ष तेच होते. मग गोऱ्यांसाठी राखलेल्या कॅथलिक शाळांचे दरवाजे कृष्णवर्णीय मुलांसाठी उघडायला १९७६ साल का उजाडावे लागले? श्रोते हे विचारणारच.

उत्तर (बेळगाव, कॅम्प):
सर, त्या निवेदनाचा उत्तरार्ध अवश्य वाचून दाखवा. सरकारचा निषेध करून बिशप थांबले नाहीत; आपल्याच शाळा, सेमिनरी (धर्मगुरूंची प्रशिक्षण केंद्रे), कॉन्व्हेंट (धर्मभगिनींचे मठ) आणि रुग्णालयांत वेगळेपणा पाळला जातो, हे त्यांनी त्यात स्वतःहून मान्य केले. शाळांची अडचणही सांगा. कृष्णवर्णीयांचे शिक्षण सरकारच्या ताब्यात आणणाऱ्या १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर मिशनच्या शाळांचे अनुदान बंद होत गेले, तेव्हा त्या सरकारच्या हवाली करण्याऐवजी बिशपांनी वर्गणी गोळा करून चालवण्याचे ठरवले आणि त्या मोहिमेत हर्ली अग्रभागी होते. शिवाय, गोऱ्यांच्या शाळांत इतरांना प्रवेश देणे म्हणजे उघड कायदेभंग होता.

उत्तर (निपाणी):
वरील माहिती बरोबर आहे, परंतु तेवढ्यावर प्रश्न सुटत नाही. एकोणीस वर्षांत मुलांची एक पिढी शिकून बाहेर पडते. गोऱ्या पालकांच्या नाराजीची धास्ती चर्चलाही होती, हे स्पष्ट सांगावे. त्याने हर्लींचे मोठेपण कमी होत नाही. तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असलेल्या नामिबियातील कूफूट या पोलीस पथकाच्या अत्याचारांविषयी जाहीरपणे बोलल्याबद्दल १९८४ मध्ये त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आले आणि १९८५ च्या फेब्रुवारीत ते मागे घ्यावे लागले. तेव्हा ते जवळजवळ सत्तर वर्षांचे होते. एक विनंती: आपल्या सीमाप्रश्नाशी याची तुलना कोणी काढल्यास ती नम्रपणे बाजूला ठेवा. भाषेचा अन्याय आपण भोगतो, पण वर्णावरून माणसाचे राहणे, शिकणे आणि विवाह ठरवणारी ती राजवट वेगळीच होती. आपल्याकडे तुलना करायचीच असेल, तर ती जातीशी करावी. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरमध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्येही अस्पृश्यता आणि भेदभाव असल्याचे मान्य केले आहे.

प्रश्नकर्ता (खानापूर):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बोलण्याची सुरुवात मी १९५७ च्या त्या कबुलीपासूनच करीन आणि १९७६ पर्यंतचा विलंब झाकणार नाही. २०१६ च्या धोरणाची मराठी किंवा कन्नड प्रत आपल्यापैकी कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. आमच्या बैठकीला दोन्ही भाषांचे वाचक येतात.