मदतनीस कुत्रा लॅबमध्ये: धोका फरशीवर

दिव्यांग विद्यार्थ्याचा मदतनीस कुत्रा केमिस्ट्री लॅबमध्ये कुठं बसवायचा, या प्रश्नावर कुणीतरी सुचवलंय, त्याला लॅबच्या दाराबाहेर बांधा. मग तो सोबत आणायचाच कशाला? दिव्यांग हक्क कायदा 2016 नुसार वाजवी सोय करणं शिक्षणसंस्थेचं काम, तेव्हा जागा आतच शोधा.

डायक्लोरोमिथेन, ईथर या लॅबमधल्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली उतरते, आणि कुत्र्याचं नाक तिथंच. म्हणून फ्यूम हूडपासून (वाफा बाहेर खेचणारं कपाट) लांबचं, भिंतीकडचं टेबल द्या. दाराची वाट मात्र अडू नये. बसायला खालून प्लॅस्टिक असलेली शोषक चटई. तरट नको, सांडलेलं आम्ल त्यातून झिरपून थेट पोटाला लागतं.

पायात रबरी तळव्याचे बूट. टेस्ट ट्यूब फुटली की बारीक काच बोटांच्या बेचक्यात अडकते, फरशीवरून ती नुसतं झाडून निघत नाही, ओल्या कागदानं टिपा. बुटांची सवय आधी घरी लावा, नाहीतर कुत्रा पाय झटकत बसतो आणि बूट उडवतो.

प्रॅक्टिकल संपलं की पंजे धुवायचेच, कारण तो ते चाटणारच. एप्रिलमधल्या उकाड्यात तासाभरानं बाहेर नेऊन बूट काढा, पाणी पाजा. भांडं लॅबमध्ये ठेवू नका.