सराउंड स्पीकर पुढे लावताना

होम थिएटरमधले मागचे सराउंड स्पीकर मुख्य म्हणून पुढे, पडद्याच्या दोन बाजूंना, लावावेत का, या प्रश्नावर ‘स्पीकर तो स्पीकर, फरक काय पडणार’ असे उत्तर कुणीतरी दिले आहे. ते मला अर्धेच पटते. आधी स्पीकरची जात पाहावी. तो दोन बाजूंना तोंड असलेला डायपोल असेल, तर त्याचे दोन्हीकडचे ड्रायव्हर (आवाज काढणारे पडदे) एकमेकांच्या उलट फेजमध्ये, म्हणजे एक पुढे सरकताना दुसरा मागे, असे चालतात आणि नेमक्या श्रोत्याच्या दिशेनेच थेट आवाज क्षीण होतो. मागे हवाहवासा वाटणारा हा पसरटपणा पुढे आला, की पडद्यावरचा आवाज कुठून येतो तेच कळेनासे होते. असे स्पीकर पुढे लावूच नयेत.

एकाच दिशेला तोंड असलेले साधे स्पीकर असतील, तर हरकत नाही. रिसीव्हरमध्ये (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात) ते ‘स्मॉल’ ठेवून, म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफर या खर्जाच्या वेगळ्या स्पीकरकडे वळवून, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर तिकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्‌झवर आणावा. स्पीकरमधला वूफर (खालच्या स्वरांचा ड्रायव्हर) ३-४ इंचांचा असल्यास क्रॉसओव्हर १०० ते १२० हर्ट्‌झपर्यंत न्यावा लागतो, आणि मग सबवूफर पुढच्या भिंतीशीच हवा, कारण साधारण ८० हर्ट्‌झच्या वर खर्जाची दिशा कानाला कळू लागते. माझा सबवूफर सोफ्याशेजारी होता, तेव्हा भारदस्त आवाजाचा खलनायक अर्धा पडद्यातून आणि अर्धा माझ्या कोपराजवळून बोलत असे! स्पीकरमधला ट्विटर (वरच्या, बारीक स्वरांचा ड्रायव्हर) मात्र बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणावा. पडद्याच्या मधोमध असणारा सेंटर स्पीकर वेगळ्या मालिकेचा (मॉडेलच्या कुळातला) असेल, तर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या मोटारीचा आवाज मध्येच बदलतो. इक्वलायझरने (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करण्याच्या सोयीने) हा दोष कमी होतो, पुरता जात नाही.