रमजानआधी चहा कसा कमी करू?

मिरजेची भाभी: शाबान लागला, रमजानच्या आधीचा महिना. चहा न मिळालेला पहिला रोजा म्हणजे डोकं ठणकणारच! मागच्या रमजानचे सुटलेले रोजेही बाकी आहेत.

चिपळूणची आपा: मग ते कजा (सुटलेले) रोजे आत्ताच धर, सोमवार-गुरुवार. चहाही आपोआप सुटतो. दुपारचा कप आधी बंद कर. कांदा तळून, आलं-लसूण वाटून फ्रीजरला टाक. पहाटे सहरीला (रोज्याआधीच्या जेवणाला) मिक्सर लावलास तर शेजारी आयुष्यभर लक्षात ठेवतील.

सोलापूरकर: मधुमेहाच्या गोळ्या असतील तर वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.

मिरजेची भाभी: गोळ्या नाहीत. पण रमजानात रोज कुराणाचा एक पारा (तिसावा भाग) वाचून होत नाही, आपा.

चिपळूणची आपा: वीस पानांचा पारा असेल तर पाच नमाजांनंतर चार-चार पानं. आजपासून एकेक पानाने सुरू कर.