१९ तारखेला गच्चीवर कुठला सिनेमा लावायचा?

बी-१०४: नमस्कार सगळ्यांना. गोवा मुक्तिदिनाला, १९ डिसेंबरला, संध्याकाळी साडेसातला गच्चीवर पडदा लावून एखादा जुना युद्धपट दाखवायचा असं मीटिंगमध्ये ठरलंय. प्रोजेक्टर सी विंगमधून मिळतोय, स्पीकर आपला गणपतीचाच. सिनेमा तेवढा ठरायचाय, नावं पाठवा प्लीज.

सी-२०१: बॉर्डर. विषय संपला.

ए-१०३: +१

बी-३०१: बॉर्डर घालया मरे, भुरगीं (मुलं) खोश जातलीं

ए-३०२: बॉर्डरला माझा विरोध नाही पण आधी हकीकतचा विचार करा असं माझं म्हणणं आहे. चेतन आनंदचा १९६४ चा सिनेमा, म्हणजे बासष्टच्या चीन युद्धाची जखम ताजी असताना काढलेला, आणि हरलेल्या लढाईवर काढलेला. जिंकलेल्या लढाईवर कोणीही सिनेमा काढतो हो, हरल्यावर दोन वर्षांत त्याच लडाखमध्ये कॅमेरा घेऊन जायचं आणि आपल्या जवानांकडे पुरेशी माणसं नव्हती, दारूगोळा नव्हता हे पडद्यावर दाखवायचं याला छाती लागते. शेवटी बर्फात जवान पडलेले आहेत आणि रफीसाहेबांचं कर चले हम फिदा सुरू होतं, तिथे कोणी घोषणा देत नाही, कोणी शत्रूला शिव्या देत नाही. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा थेटरात लोक उठायलाच तयार नव्हते.

सी-२०१: काका आदर आहे, पण आजच्या मुलांना तो स्लो वाटणार. बॉर्डरमध्ये पण खरीच लढाई आहे की, लोंगेवाला, ४ आणि ५ डिसेंबर १९७१, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि १२० च्या आसपास जवान, समोर रणगाड्यांची रांग. हे काय कमी आहे का?

ए-३०२: लढाई खरीच. पण सिनेमात आपले किती जवान मरताना दाखवलेत बघ, प्रत्यक्षात आपले फार थोडे गेले. मेले नाहीत म्हणून त्यांचं शौर्य कमी होतं का? रात्रभर ठाणं न सोडता बसून राहिले हेच मोठं आहे. रडवण्यासाठी दिग्दर्शकाने माणसं मारली हे मला पटत नाही. चांदपुरी साहेब स्वतः महावीर चक्र घेऊन पुढे २०१८ पर्यंत होते.

सी-१०४: मध्ये बोलतो, कारण माझी नोकरी विमानांतच झाली, हंसावर, म्हणजे नौदलाच्या दाबोळीच्या विमानतळावर. बॉर्डरमधली मला सगळ्यात खरी वाटणारी गोष्ट म्हणजे सकाळ व्हायची वाट बघणं. जैसलमेरला हंटर विमानं होती पण त्यांच्यात रात्री लढायची सोय नव्हती, त्यामुळे मेजरने मदत मागितली तरी उजाडेपर्यंत आकाशातून काहीच येणार नव्हतं. उजाडल्यावर मात्र उघड्या वाळवंटात त्या रणगाड्यांना लपायला जागा नव्हती. मुलांना हे आधी समजावून सांगा मग बघा ते घड्याळाकडे कसे बघतात. सिनेमा सनी देओलच्या आवाजासाठी लोक बघतात, मी त्या रात्रीसाठी बघतो.

बी-२०२: मला लढाईतलं काही कळत नाही पण संदेसे आते हैं लागलं की मी स्वयंपाकघरातून बाहेर येते. आमचे हे शिपवर असतात, सहा-सहा महिने. त्या गाण्यात एकेक जण चिठ्ठी उघडतो आणि घरातलं अगदी साधं काहीतरी विचारतो ना, आमचे फोन अगदी तसेच असतात, गॅस आला का, आईचा गुडघा कसा आहे, पोर्टवर रेंज मिळाली की पहिला प्रश्न हाच. म्हणून बॉर्डर नुसता आरडाओरड्याचा आहे असं कोणी म्हणू नका.

ए-३०२: वहिनी, हे एकदम मान्य. तेवढ्या भागासाठी मी पण बॉर्डरला हात जोडतो.

सी-४०१: इंग्लिश क्लासिक चालणार नाहीत का? ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय, गन्स ऑफ नवरोन, ग्रेट एस्केप? सबटायटल्स लावू.

ए-३०२: अरे चांगले आहेत, कोण नाही म्हणतो. पण बघताना डोकं जागं ठेव. नवरोन नावाचं बेटच नाही, सगळी कादंबरी. ग्रेट एस्केपमध्ये मोटरसायकलची उडी सगळ्यांना आठवते, ती घडलेलीच नाही, आणि जे घडलं ते म्हणजे १९४४ च्या मार्चमध्ये जर्मनांच्या युद्धकैदी छावणीतून बोगद्याने ७६ जण बाहेर पडले, त्यातले ५० पकडून गोळ्या घालून मारले आणि फक्त तिघे सुटले. ते सिनेमात आहे, पण घरी जाताना लोक मोटरसायकलच घेऊन जातात. क्वायचं तर विचारू नको. डेव्हिड लीनने १९५७ मध्ये श्रीलंकेत पूल बांधून उडवला, काय शॉट आहे, अॅलेक गिनेससारखा नट मला तरी दुसरा दिसला नाही. पण जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धात सयाम ते ब्रह्मदेश जी रेल्वे कैद्यांकडून बांधून घेतली तिच्यावर खऱ्या कैद्यांच्या अधिकाऱ्याने जपान्यांना मनापासून पूल बांधून दिला नव्हता, तो आपल्या माणसांना जगवायला धडपडत होता आणि जिथे जमेल तिथे काम बिघडवत होता. शिवाय ४०० किलोमीटरच्या वर ती लाइन, तिच्यावर मलायातून नेलेले तामिळ मजूर, ब्रह्मदेशातले मजूर गोऱ्या कैद्यांपेक्षा कितीतरी जास्त मेले. त्यांना सिनेमात फारशी जागा नाही. मला युद्धपट बघताना पहिला प्रश्न हाच पडतो, यात मेलेल्यांपैकी कोणाचं नाव घेतलंय आणि कोणाचं नाही.

बी-३०१: सी वुल्व्ज घाला मगे, आमच्याच बंदराचा

सी-४०१: कुठला?

बी-३०१: अरे १९८० चा, ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. शूटिंग गोव्यातच. माझ्या पायने (वडिलांनी) बघितलं होतं शूटिंग, अजून सांगतो.

ए-३०२: हा खरंच बघण्यासारखा. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या एरेनफेल्स या जर्मन बोटीवर कलकत्ता लाइट हॉर्स या इंग्रजांच्या हौशी पलटणीच्या लोकांनी हल्ला केला. सैनिक असे नव्हतेच ते फारसे, चहामळेवाले, कंपन्यांतले साहेब, पोट सुटलेली मध्यमवयीन माणसं. कलकत्त्याहून फीबी नावाचा गाळ वाहायचा बार्ज आला, माणसं आगगाडीने कोचीनला जाऊन त्यात बसली. पोर्तुगीज गोवा तटस्थ, म्हणून इंग्रजांना उघड काही करता येत नव्हतं, आणि जर्मन बोटीवरचा वायरलेस इंग्रजांच्या बोटींची माहिती जर्मन पाणबुड्यांना देतो असा संशय. पुढे कित्येक वर्षं कोणी तोंड उघडलं नाही, पदकं नाहीत, काही नाही. आपण रोज ज्या पाण्याकडे बघतो तिथे हे झालंय. पण मुक्तिदिनाला हा नको असं मला वाटतं. त्यात गोंयकाराला काम नाहीच जवळजवळ, गाव आपलं आणि गोष्ट साहेबांची.

ए-२०३: मी थोडं वेगळं सुचवू का? शांतारामबापूंचा डॉ. कोटणीस की अमर कहानी, १९४६. सोलापूरचा मुलगा चीनमध्ये जपानविरुद्धच्या लढाईत जखमींवर उपचार करतो आणि १९४२ मध्ये तिथेच जातो. बंदूक न धरणाऱ्याचा पण युद्धपट असू शकतो. शाळेत मी दरवर्षी मुलांना ही गोष्ट सांगायचे.

ए-३०२: बाई, क्या बात. आणि त्याची कथा कोणाची? ख्वाजा अहमद अब्बासांची. त्यांचाच सात हिंदुस्तानी, १९६९. आता मला नाव सापडलं!

सी-२०१: अमिताभचा पहिला ना?

ए-३०२: हो, पण अमिताभसाठी नव्हे. सहा जण देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले आणि सातवी आपली गोव्याची मारिया, पोर्तुगीजांच्या किल्ल्यांवर तिरंगा लावायला निघतात. अब्बासांनी मुद्दाम नटांची अदलाबदल केली, बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाला, मल्याळी मधू बंगाली झाला आणि जलाल आगाने मराठी पोवाडेवाला केला. गाणी कैफी आझमींची, हकीकतवाल्यांचीच. रणगाडा नाही, विमान नाही, तरी ही लढाईच आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, ती माणसं पण लढायलाच आली होती. सिनेमा म्हणून तो सगळीकडे बांधेसूद नाही, भाषणं जास्त आहेत, शेवट लांबतो, ते मी सांगून ठेवतो. तरीही १९ डिसेंबरला वास्कोत दुसरं काय लावणार?

सी-१०४: ब्लॅक अँड व्हाइट आहे, मुलं बसतील का ही शंका. आणि एक वाटतं, नौदलाची बाजू कोणीतरी सांगायला हवी. १९६१ ला अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण गेले, आयएनएस गोमंतक या नौदल तळावर त्यांचं स्मारक आहे, आपण गेटवरून रोज जातो. १८ तारखेला दुपारी बेतवा आणि बियास या आपल्या बोटी समोरच्या पाण्यात पोर्तुगीजांच्या अफोन्सो द अल्बुकर्क या युद्धनौकेशी लढल्या. यावर एक धड सिनेमा नाही याचं मला फार वाईट वाटतं.

बी-२०२: मग तुम्हीच सांगा ना दादा सिनेमाआधी. मुलं तुमचं ऐकतात, पतंगाच्या वेळी गोळा होतात की सगळी तुमच्याभोवती.

सी-२०१: हे बेस्ट. मी बॉर्डर मागे घेत नाही पण २६ जानेवारीला लावू.

ए-३०२: २५ ला संध्याकाळी हकीकत, २६ ला बॉर्डर. दोन्ही लागोपाठ बघितले की मुलं स्वतःच भांडतील कुठला चांगला यावर.

बी-१०४: ठरलं मग. १९ ला सात हिंदुस्तानी, त्याआधी पंधरा मिनिटं सी-१०४ दादा अंजदीव आणि अल्बुकर्कवर बोलतील, नकाशा ए-२०३ बाई मोठ्या कागदावर काढून देतील का? सी-४०१ ने चांगली प्रिंट शोधायची, आवाज आधी तपासून घे, मागच्या वेळी संवाद अर्धे कळले नव्हते. खुर्च्या ज्येष्ठांना, बाकीच्यांनी चटया आणाव्यात, डिसेंबर आहे, स्वेटर घाला.

बी-३०१: पायला सांगतो, सी वुल्व्जच्या शूटिंगचं पण बोलूंक जाय ताका

बी-१०४: पाच मिनिटं त्यांना पण. नक्की.